जुनी सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती जुनी सायकल चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे. शोभेची सायकल चकचकीत दिसली की काम झालं. चालवायच्या सायकलीला आधी थांबता आलं पाहिजे, मग सरळ धावता आलं पाहिजे आणि तुमच्या अंगाला बसता आलं पाहिजे. रंगरूप त्यानंतर. आणखी एक आग्रह पुढे जागोजागी दिसेल: जो बदल कराल तो उद्या कुणाला उलटा फिरवता येईल असा करा. फ्रेम कापू नका, कानशीने घासून काही उडवू नका आणि काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून डब्यात ठेवा.

बरीच वर्षं पडून असलेली सायकल दुरुस्त करण्याजोगी आहे का, हे कसं ओळखायचं?

फ्रेम आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, पाहा. बाकीचं सगळं बदलता येतं. सायकल उजेडात आणा आणि हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या आखूड उभ्या नळीला, खालची नळी जिथे जोडली आहे, तिथे त्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या पडलेल्या असतील किंवा हलकासा उंचवटा लागत असेल, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. मग बाजूने चिमटा पाहा. त्याच्या पायांचा वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेतच खाली उतरला पाहिजे आणि त्यानंतर पुढे बाक घेतला पाहिजे. पाय मागे रेटल्यासारखे दिसत असतील तर चिमटा वाकला आहे. स्टीलचा चिमटा अनुभवी कारागीर सरळ करू शकतो, पण मुळाशी तडा असेल तर तो चिमटा बाद.

वरवरच्या गंजाला घाबरू नका. आतून पोखरणारा गंज वेगळा. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढून आत बॅटरी मारा. बॉटम ब्रॅकेटचं घर, म्हणजे क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो ती जागा, खालून नीट बघा, कारण फ्रेममध्ये शिरलेलं सगळं पाणी तिथेच साठतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने नळ्यांवर हलके टिचकवत जा. सगळीकडे खणखणीत आवाज येऊन एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला, तर तिथलं पत्र्याचं बळ गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

ॲल्युमिनियमचे भाग वेगळ्या डोळ्याने पाहायचे. स्टील बहुधा वाकून सूचना देतं. ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं हादरे खाऊन थकतं आणि एके दिवशी फारशी सूचना न देता तुटतं. हँडल जिथे स्टेममध्ये (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या दांड्यात) धरलं जातं ती जागा, स्टेमची मान जिथे वळते तो भाग आणि क्रँकला पेडल जिथे बसतं तिथली कड साफ करून भिंगाने बघा. केसाएवढी रेघ दिसली तरी तो भाग वापरू नका. जुनं ॲल्युमिनियमचं हँडल कुणी, कसं आणि किती वापरलंय हे माहीत नसेल, तर मी ते बदलायलाच सांगेन, कितीही सुंदर असलं तरी.

आणि सायकल तुमच्या मापाची आहे का? वरची नळी दोन पायांच्या मध्ये घेऊन, पावलं जमिनीवर सपाट टेकवून उभं राहता आलं पाहिजे. मोठ्या मापाची फ्रेम सीट खाली करून लहान होत नाही.

सायकल कोणत्या काळातली आहे, हे कसं शोधायचं?

फ्रेमचा नंबर पाहाच, पण सुटे भाग बरेचदा जास्त बोलके असतात. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर, ज्याच्या पोटात गिअर असतात) बनवल्याचं वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. शिमानो या जपानी कंपनीच्या जुन्या भागांवर मागच्या बाजूला दोन अक्षरं असतात. त्यातलं पहिलं अक्षर वर्षाचं, १९७६ साठी ए, १९७७ साठी बी असं पुढे, आणि दुसरं महिन्याचं. फक्त लक्षात ठेवा, चाक किंवा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नंतर बदललेला असू शकतो, म्हणून दोन-तीन भागांच्या तारखा जुळतात का ते पाहा.

सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) रेनॉल्ड्स ५३१ या नळ्यांचं चिन्ह दिसलं तर ती फ्रेम जपून हाताळा. मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या या नळ्या १९३५ मध्ये आल्या आणि पुढची कित्येक दशकं चांगल्या सायकली त्यांच्यापासून घडल्या. चिन्ह निघून गेलं असेल तर सीटपोस्टचा व्यास मोजा. २७.२ मिमी म्हणजे नळी पातळ आणि फ्रेम बहुधा हलकी, उत्तम दर्जाची. साध्या, जाड नळीच्या फ्रेमला याहून बारीक पोस्ट लागतं.

सगळी सायकल खोलायची, की तेलपाणी करून चालवायला घ्यायची?

खोलायची. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं. वरून तेल सोडलं की सायकल चार दिवस गुळगुळीत चालते आणि आतले कप, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात त्या वाट्या, मात्र झिजत राहतात.

पण खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. केबल कुठून वळते, कोणता वॉशर कुठल्या बाजूला आहे, ब्रेकचे नट कोणत्या क्रमाने आहेत, हे चार आठवड्यांनी आठवत नाही. एका वेळी एकच जोड खोला, त्याचे भाग एकाच डबीत ठेवा आणि त्यातले छर्रे मोजून लिहून ठेवा. आणि अडकलेल्या भागांवर, म्हणजे सीटपोस्ट, स्टेम, कॉटर (क्रँक एक्सलवर पक्की धरणारी पिन), पेडल यांवर, पहिल्याच दिवशी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. बाकीचं काम होईपर्यंत ते आत मुरतं.

मूळ रंग ठेवावा की नवा द्यावा?

माझं मत स्पष्ट आहे: साठ टक्के रंग शिल्लक असला तरी तो ठेवा. हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, लगच्या (नळ्यांच्या सांध्यावरच्या खोबणीदार तुकड्याच्या) कडेची बारीक किनार, हेड ट्यूबवरचा कंपनीचा बिल्ला आणि जुनी चिन्हं पुन्हा तशीच करून मिळत नाहीत. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, मग अगदी मऊ पॉलिशने हळूहळू मळ काढा, शेवटी मेण लावा. ॲसिटोन, थिनर किंवा ब्रेक क्लीनर चिन्हांजवळ नेऊ नका. जुनी चिन्हं क्षणात विरघळतात. उघड्या पडलेल्या लोखंडावर गंज थांबवून जुळत्या रंगाचा ठिपका दिला की पुरतं.

रंग पूर्ण गेला असेल तर नवा द्यावाच लागेल. पावडर कोटिंग दणकट असतं, पण त्याचा थर जाड बसतो आणि लगच्या नाजूक कडा बुजतात. साधी रोजची सायकल असेल तर हरकत नाही. कोरीव लगच्या फ्रेमला फवाऱ्याचा रंगच शोभतो. कुठलाही प्रकार निवडला तरी आटे, हेडसेटचे (हँडल वळवणाऱ्या बेअरिंगचे) कप बसण्याची जागा आणि सीट ट्यूबचं तोंड झाकूनच काम करायला सांगा. वाळूचा जोरदार मारा पातळ नळ्यांना खातो, तेव्हा रंग उतरवणाऱ्याला नळ्या पातळ आहेत हे आधीच सांगा.

एक सुरक्षिततेची गोष्ट. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. ओल्या पेपरने घासा, मास्क लावा, निघालेला गाळ पुसून गोळा करा आणि हे काम लहान मुलांच्या आसपास नको.

नवा रंग द्या किंवा न द्या, नळ्यांच्या आतून गंजरोधक तेल नक्की फिरवा. कच्चं जवसाचं तेलही चालतं, सुकायला वेळ घेतं एवढंच. तेल भिजलेली फडकी मात्र बोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

क्रोमवरचा आणि सुट्या भागांवरचा गंज कसा काढायचा?

क्रोमवर ठिपके-ठिपके गंज असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून, चुरगळून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि गंज निघून येतो. क्रोमचा थरच उडाला असेल तर तो घासून परत येणार नाही. तिथे गंज काढून मेण लावत राहणं एवढंच हाती असतं.

नट, बोल्ट, ब्रेकचे स्टीलचे भाग यांच्यासाठी सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण उत्तम. ऑक्झॅलिक आम्ल बराचसा मूळ रंग राखून गंज खातं, म्हणून संपूर्ण फ्रेमसुद्धा त्यात बुडवली जाते. तरी आधी न दिसणाऱ्या जागी रंगावर चाचणी घ्या. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि मुलं-जनावरं दूर. ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात नवा तांबूस गंज चढतो.

सीटपोस्ट किंवा हँडलचं स्टेम जागचं हलत नाही. काय करू?

स्टेमचा बोल्ट पूर्ण काढून ओढत बसू नका. बोल्ट तीन-चार फेरे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोका. आतली पाचर खाली सुटते आणि बहुतेक वेळा स्टेम मोकळं होतं.

ॲल्युमिनियमचं पोस्ट स्टीलच्या नळीत अडकलं असेल तर ते जास्त चिवट प्रकरण आहे. दोन धातूंच्या संगतीत ओल शिरून ॲल्युमिनियमचा क्षार तयार होतो आणि तो फुगून फट भरतो. इथे नळी तापवणं बहुधा उलटं पडतं, कारण उष्णतेने ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि पोस्ट अजून घट्ट होतं. त्याऐवजी पोस्ट थंड करा, बर्फाने किंवा जपून कोरड्या बर्फाने. फ्रेम उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूनेही तेल सोडा, म्हणजे ते खालून मुरेल. मग पोस्टचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये धरून आख्खी फ्रेम हळूहळू पिळा. ओढू नका, आधी फिरवा. दोन-चार अंश हलली की अर्धं काम झालं. पोस्ट स्टीलचं असेल तर मात्र बाहेरून उष्णता देणं उपयोगी पडतं, रंगाची किंमत मोजून.

कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळवणं हा शेवटचा मार्ग आहे. त्यात भडकणारा हायड्रोजन वायू निघतो आणि ते द्रावण कातडी, डोळे जाळतं. अनुभव नसेल तर ते काम कारागिराकडे द्या.

कॉटर पिन निघत नाही, ठोकली की वाकते.

कारण ठोक्याचा जोर क्रँकच्या एक्सलमधून छर्ऱ्यांवर आणि कपांवर जातो, पिनपर्यंत पोचतच नाही. क्रँकच्या खाली, पिनच्या भोवती टेकेल असा लोखंडी पाइप जमिनीपर्यंत उभा करा, म्हणजे धक्का थेट जमिनीत उतरेल. नट पूर्ण काढू नका. तो पिनच्या टोकाशी समपातळीत ठेवा म्हणजे आटे वाचतील. मग जड हातोडीचा एकच नेमका, जोरदार ठोका. हलक्या दहा ठोक्यांनी पिनचं डोकं पसरतं आणि ती कायमची बसते. कॉटर दाबून काढणारा प्रेस मिळाला तर तो सर्वांत चांगला.

नवी पिन घालताना व्यास मोजा. ९.५ मिमी सर्वांत जास्त दिसते, पण ९ मिमीच्याही असतात. पिनची तिरकी बाजू कानशीने सपाट घासून एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकेल अशी करावी लागते. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. आणि नट आवळून पिन आत ओढायची नसते. पिन दाबून किंवा ठोकून बसवायची, नट फक्त तिला जागेवर राखतो.

नवीन भाग आणला, पण आटे जुळत नाहीत. असं का होतं?

कारण एके काळी प्रत्येक देशाचं माप वेगळं होतं. सर्वांत जास्त गोंधळ बॉटम ब्रॅकेटचा. इंग्लिश मापात १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. इटालियन मापात ३६ मिमी आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ. फ्रेंच मापात ३५ मिमी, १ मिमी अंतराचे, दोन्ही सरळ. स्विस माप फ्रेंचसारखंच, फक्त उजवी बाजू उलटी. जुन्या रॅलेमध्ये इंचाला २६ आटे, म्हणजे दिसायला इंग्लिश पण बसायला नाही. प्यूजो या फ्रेंच कंपनीची जुनी सायकल हाती आली तर फ्रेंच मापाची तयारी ठेवा.

उजवा कप काढताना चुकीच्या दिशेने फिरवत बसाल तर तुम्ही तो घट्टच करत असता, म्हणून आधी माप, मग पाना. व्हर्निअर कॅलिपर आणि आटे मोजायची पट्टी या दोन गोष्टी या कामात पॉलिशपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहेत.

फ्रेंच सायकलींचं स्टेमही २२ मिमीचं असतं. इतर बहुतेकांचं २२.२ मिमी. पेडलचे आटेही वेगळे: फ्रेंच १४ मिमी, इतर ९/१६ इंच. डाव्या पेडलचे आटे मात्र सगळीकडे उलटे. ते सोडवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा.

जबरदस्तीने आत घातलेला चुकीचा कप फ्रेमचे आटे खाऊन टाकतो. जुना कप खड्डे पडलेला नसेल तर तोच साफ करून नवे छर्रे घालून वापरा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

बेअरिंगमध्ये काय बदलायचं, काय ठेवायचं?

छर्रे नेहमी नवे. ते स्वस्त असतात आणि नवे-जुने मिसळले की सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो. सर्वसाधारण मापं अशी: पुढच्या हबमध्ये ३/१६ इंच, मागच्या हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये १/४ इंच, हेडसेट आणि पेडलमध्ये बहुधा ५/३२ इंच. बॉटम ब्रॅकेटमध्ये छर्रे धरणारा पिंजरा काढून सुटे ११-११ छर्रे घातले तर भार जास्त छर्ऱ्यांवर वाटला जातो. तरी तुमच्या सायकलीतून निघालेले छर्रे मोजूनच नवे आणा.

कोनावर, म्हणजे एक्सलवरच्या शंकूच्या आकाराच्या नटावर, जिथे छर्रे फिरतात तिथे खड्डे असतील तर कोन बदला. कपावर खड्डे असतील तर जास्त अडचण, कारण हबचे कप सहसा निघत नाहीत. घट्ट करताना खुळखुळ जाईल आणि एक्सल बोटांनी फिरवला तर कुठे अडकणार नाही, एवढीच जागा शोधायची. चटकन निघणारं क्विक रिलीज असेल तर किंचित ढिलं ठेवा, कारण लिव्हर दाबल्यावर एक्सल थोडा दबतो आणि ती ढिलाई संपते.

टायर कोणता घ्यायचा? "२६ इंची" मागितला तरी बसत नाही.

इंचातली नावं फसवी आहेत. टायरच्या बाजूला किंवा रिमवर मिलिमीटरमधला आकडा शोधा, तोच खरा. मडगार्डवाल्या उभ्या रोडस्टर सायकलींचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. तीन गिअरच्या इंग्लिश सायकलींचा २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. १९७० च्या दशकातल्या दहा गिअरच्या सायकलींचा २७ × १ १/४ म्हणजे ६३०. आजच्या बहुतेक रोड सायकलींचा ७०० सी म्हणजे ६२२. जुन्या माउंटन बाइकचा २६ × १.७५ म्हणजे ५५९, आणि २६ × १ ३/४ म्हणजे ५७१. म्हणजे अपूर्णांकात लिहिलेला आणि दशांशात लिहिलेला टायर एकमेकांना चालत नाहीत, गणितात ते सारखे असले तरी.

२७ इंची चाकांची सायकल ७०० सी वर नेता येते. रिम त्रिज्येने फक्त ४ मिमी लहान होतो, तेव्हा ब्रेकचे पॅड तेवढे खाली सरकतात का पाहा. हा बदल मला आवडतो. टायरची निवड एकदम वाढते, थोडा जाड टायर घेता येतो आणि मूळ चाकं तशीच जपून ठेवता येतात.

जुन्या स्टील रिमच्या कडा आतून सपाट असतात, टायर धरून ठेवणारी कड नसते. अशा रिमवर जास्त दाबाची हवा भरू नका. टायरवर लिहिलेला वरचा आकडा गाठायचा मोह टाळा.

ब्रेक दाबले तरी सायकल थांबत नाही, पावसात तर अजिबातच नाही.

या प्रश्नाचं उत्तर मी सर्वांत गंभीरपणे देतो. क्रोमचा स्टील रिम ओला झाला की साधं रबर त्यावरून घसरतं. तो दोष तुमच्या हातांचा नाही आणि ब्रेक आवळून तो जात नाही.

पहिली पायरी सोपी आहे. केबल आणि तिचं बाहेरचं कव्हर दोन्ही नवे घ्या, कव्हर आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं. कापलेलं टोक कानशीने सपाट करा. जुन्या ब्रेकची अर्धी ताकद गंजलेल्या कव्हरमध्येच मरते. मग नवे, मऊ पॅड घाला, त्यांची पुढची कड रिमला किंचित आधी टेकेल अशी बसवा आणि ब्रेकच्या मधल्या बोल्टची खुळखुळ काढा. स्टील रिम ठेवायचाच असेल तर चामड्याचा थर असलेले पॅड शोधा. ते खास ओल्या स्टीलसाठीच बनवले जात.

दुसरी पायरी म्हणजे ॲल्युमिनियमचे रिम. सायकल रोज, सगळ्या हवेत चालवणार असाल तर हा एक बदल बाकी सगळ्यांच्या आधी करा. जुना हब तोच ठेवून नव्या रिमवर आरे गुंफता येतात, म्हणजे रूप फारसं बदलत नाही.

रॉड ब्रेकच्या, म्हणजे केबलऐवजी सळ्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या, सायकलीचं वेगळं. तिथे पॅड रिमच्या आतल्या बाजूला खालून वर ओढले जातात आणि त्या रिमच्या बाजूच्या कडा गोलसर असतात, म्हणून त्यावर कॅलिपर ब्रेक (रिम दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा) चालतच नाही. मला तिथे ड्रम ब्रेकचा, म्हणजे ब्रेक पोटात असलेला, हब योग्य वाटतो: रॉड जागच्या जागी राहतात, चिमट्याला भोक पाडावं लागत नाही, आणि पाणी आत शिरत नाही. ड्रमचा आधार देणारा हात चिमट्याला पट्टीने नीट घट्ट बसवलेला हवा, कारण ब्रेकचा सगळा जोर त्यावर येतो.

ब्रेक बदलणार असाल तर बोल्टच्या भोकापासून रिमच्या घासल्या जाणाऱ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर आधी मोजा. आजचे आखूड ब्रेक साधारण ३९ ते ४९ मिमी पोचतात, लांब ४७ ते ५७. जुन्या सायकलीला त्याहूनही लांब लागू शकतात.

चढावर दम लागतो. गिअर कसे हलके करू?

आधी मागची चक्री मोजा. तीन गिअरच्या सायकलीला पुढे ४६ आणि मागे १८ दाते असतील तर गुणोत्तर २.५६ होतं. मागे २२ दात्यांची चक्री बसवली की २.०९. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबमध्ये पहिला गिअर यातला एक चतुर्थांश कमी करतो आणि तिसरा एक तृतीयांश वाढवतो, म्हणजे पहिला आता १.५७. एवढ्या एका चक्रीने आणि थोड्या लांब चेनने सायकलीचा स्वभाव बदलतो. या हबला वर्षानुवर्षं हलकं मशीन तेल मिळत राहिलं तर तो थकत नाही. ग्रीस भरू नका, आतल्या खिट्ट्या चिकटतात. केबल नीट लावलेली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पेडल अचानक मोकळं फिरतं. उभं राहून पेडल मारताना तसं झालं तर तोल जातो, म्हणून केबलचं काम मन लावून करा.

डिरेलरच्या जुन्या रेसिंग सायकलींना पुढे ५२/४२ आणि मागे २४ च्या आसपास दाते असत. तरुण शर्यतपटूंसाठी ते ठीक होतं. तुम्ही मागे मोठी फ्रीव्हील आणि पुढे छोटी चक्री घाला. इथे जुनेपणाचा एक मोठा फायदा आहे. खटक्याखटक्याने पडणारे शिमानोचे एसआयएस गिअर १९८४ मध्ये आले. त्याआधीचे लिव्हर नुसत्या घर्षणावर चालतात, त्यामुळे कुठलाही डिरेलर, कितीही चक्र्या, सगळं त्यांच्याशी जमतं. नळीवरचे जुने लिव्हर ठेवून मागे आधुनिक डिरेलर लावा. प्लॅस्टिकचे जुने सिंप्लेक्स डिरेलर असतील तर ते डब्यातच ठेवा, तडकतात.

मागे आजच्या मापाचं चाक बसेल का?

जुन्या पाच गिअरच्या फ्रेमचं मागचं अंतर १२० मिमी, सहा-सातच्या फ्रेमचं १२६, नंतरच्या रोड सायकलींचं १३०. स्टीलची फ्रेम कारागीर थंडपणे फाकवून नवं माप देऊ शकतो. दोन्ही बाजू सारख्याच फाकल्या का हे हेड ट्यूबला दोरा बांधून तपासतात आणि मग एक्सल धरणारी दोन्ही टोकं पुन्हा समांतर करतात. हे दुसरं काम बरेच जण विसरतात आणि एक्सल तुटायला लागतात. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही नको.

खाली झुकलेलं हँडल काढून सरळ, उंच हँडल लावायचं आहे.

लावा, जरूर. पाठ दुखते म्हणून सायकल पडून राहण्यापेक्षा ते शंभरदा बरं. पण ब्रेकचे लिव्हरही बदलावे लागतील: झुकलेल्या हँडलची नळी २३.८ मिमीची असते, सरळची २२.२ मिमीची. हँडल स्टेममध्ये जिथे धरलं जातं तिथला व्यासही जुळवा. २५.४ आणि २६ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण हँडल फिरतं. स्टेम वर घेताना त्यावरची कमाल उंचीची रेघ हेडसेटच्या बाहेर येऊ देऊ नका. उंची कमी पडली तर लांब स्टेम आणा.

चामड्याची सीट कडक आणि वाकडी झाली आहे. वाचेल का?

तडे आरपार नसतील तर बहुधा वाचते. चामड्याच्या सीटसाठी बनवलेलं मेण खालून-वरून थोडं-थोडं लावा, काही दिवसांच्या अंतराने. तेलात बुडवू नका, चामडं लोंबतं. पुढचा ताणाचा बोल्ट एका वेळी पाव फेराच फिरवा. बाजूचे पंख पसरले असतील तर खालून भोकं पाडून दोरीने आवळतात.

फिक्स्ड गिअर किंवा सिंगल स्पीड करू का?

सिंगल स्पीड म्हणजे एकच गिअर, फिक्स्ड म्हणजे चाक फिरेल तोवर पेडलही फिरत राहतं. सिंगल स्पीड करायला जुन्या फ्रेम सोयीच्या असतात, कारण मागची खाच आडवी असते आणि चाक मागे ओढून चेन ताणता येते. पुढची आणि मागची चक्री एका रेषेत आणा. फक्त डिरेलरचा कान आणि केबलचे टोचे घासून काढू नका. तेवढ्यासाठी चांगली फ्रेम कायमची अपंग होते. फिक्स्ड केली तरी पुढचा ब्रेक ठेवाच.

जुन्या डायनॅमोवर आजचे दिवे चालतील का?

बाटलीसारखा डायनॅमो बहुधा ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो आणि त्यावर डायनॅमोसाठी बनवलेले एलईडी दिवे छान चालतात. जुन्या स्टर्मी-आर्चर डायनोहबमध्ये (हबच्या आतल्या डायनॅमोत) मात्र चुंबक आतल्या गुंडाळीपासून वेगळं करू नका. लोखंडी कडं घातल्याशिवाय ते बाहेर काढलं की त्याची ताकद कमी होते.

पहिल्यांदा चालवल्यावर काय तपासायचं?

पहिली फेरी छोटी, सपाट रस्त्यावर, पाना खिशात ठेवून. जाण्याआधी उभ्यानेच पुढचा ब्रेक दाबून सायकल जोरात पुढे-मागे करा. हेडसेट खटखटत असेल तर लगेच कळतं. पुढचं चाक दोन्ही पायांत धरून हँडल पिळून बघा, स्टेम फिरता कामा नये.

परत आल्यावर कॉटर पिना पुन्हा दाबून नट आवळा. नव्या पिना पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिल्या होतात, आणि तसंच चालवत राहिलं तर एक्सलची खाच खराब होते. चौकोनी एक्सलची क्रँक असेल तर तिचा बोल्टही पाहा. केबल ताणलेल्या असतील, पुन्हा आवळा. नव्याने गुंफलेल्या चाकाचा आउट पुन्हा निघतो, तो काढून घ्या. चेन मोजा: १२ पूर्ण कड्या, म्हणजे १२ इंच, पिनपासून पिनपर्यंत. ते अंतर १२ १/१६ इंच भरलं तर चेन बदला. १२ १/८ पर्यंत गेलं असेल तर चक्र्याही झिजलेल्या असतात आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते. हीच सगळी तपासणी आठवडाभराने पुन्हा एकदा करा, आणि तेव्हा काहीच आवळावं लागलं नाही तर लांबच्या रस्त्याला निघायला हरकत नाही.